वरातीची घोडी घेऊन दहा दिवस शिकायला गेलो होतो, त्याचा रिव्ह्यू

परतवाड्याच्या अलीकडे एका वावरात तबेला आहे. नाव आणि नंबर टाकत नाही, तिथे शिकवणाऱ्या काकांनीच सांगितलं की गर्दी नको. ज्याला खरंच गरज आहे त्याला त्या भागात कोणीही पत्ता सांगेल.

आमची पारू काठेवाडी आहे, कानाची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात ना, तीच जात. बाबा तिला वरातीत नेतात. मागच्या सीझनला बँड वाजला की ती मागच्या मागे सरकायला लागली, एकदा तर नवरदेवासकट कनातीत घुसली. मग कोणीतरी सल्ला दिला म्हणून बाबांनी काटेरी लगाम आणला आणि ती जास्तच बिथरली, तोंडाला रक्त पाहिलं तेव्हा मी तो लगाम काढून फेकला. (तसला लगाम १९६५ च्या नियमांपासून बंद आहे हे मला नंतर कळलं, आणि बाजारात अजूनही खुलेआम मिळतो.)

भाऊबीज ते तुळशीचं लग्न, ते दहा दिवस वराती नसतात म्हणून तेव्हा गेलो. सात हजार, त्यात कडबा-कुटार त्यांचं, हरभरा आपला.

मला वाटलं पहिल्याच दिवशी बसायला लावतील. कायचं काय! पाच दिवस बसायचं नावच नाही. दोरीची मोहरकी (तोंडात लोखंड नाही, नुसती डोक्यावर बांधायची), बारा फुटाचा दोर, आणि सोयाबीन निघालेलं रिकामं वावर. उभं राहायचं, तिला एक पाऊल मागे घ्यायचं, मागचा भाग बाजूला सरकवायचा, परत उभं राहायचं. मी दोर धरून ओढून राहिलो आणि पारू चारही पाय रोवून उभी. काका बांधावर बसून चहा पीत म्हणतात, "तू तिले वढून राह्यला, ती तुले वढून राह्यली, तिचं वजन साडेतीनशे किलो, मंग जितन कोन?"

गोष्ट एवढीच होती की दोरावर हलका ताण द्यायचा आणि तिने वजन जरासं जरी मागे टाकलं की त्याच क्षणी दोर ढिला सोडायचा. बक्षीस म्हणजे तो ढिला दोर, गूळ नाही. मी दर वेळी दोन सेकंद उशीर करायचो आणि काका ओरडायचे, "सोड ना बापा, आयकलं तिनं!" तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी नुसता श्वास सोडून खांदे ढिले केले आणि ती मागे सरली, ओठ चाटले, मान खाली घातली. दोर तर मी हलवलाही नव्हता.

मग काठीला प्लास्टिकची पन्नी बांधून तिच्या आजूबाजूला हलवली. ती पाय हलवायची थांबली की पन्नी दूर, आणि हे लक्षात ठेवा, ती पळत असताना दूर केली तर तिला वाटतं पळाल्यामुळेच सुटलो. बँडचंही तसंच, ब्लूटूथ स्पीकर वावराच्या टोकाला, आवाज अगदी बारीक, रोज थोडा जवळ. घोड्याला नाकाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही, आणि वरातीत नाचणारे नेमके तिथेच घुसतात. इतकी वर्षं आपण तिलाच शिव्या दिल्या.

सहाव्या दिवशी बसलो, बिनखोगीर, पाठीवर फक्त जाड घोंगडी. काकांनी आधी माझं वजन विचारलं, घोडीच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर गेलं तर बसू देत नाहीत. मी ६८ चा, थोडक्यात बचावलो. खोगीर नसलं की लपायला जागाच नाही. मी घाबरून पोटऱ्या आवळल्या, तिला वाटलं चल म्हणतोय, ती दुडकी धावायला लागली, मी अजून आवळल्या, ती अजून जोरात, आणि मी ढेकळांत. उठून पाहतो तर ती चार पावलांवर थांबून माझ्याकडे एक कान करून उभी. दुसऱ्यांदा आयाळ मुठीत धरली, पाय नुसते लोंबू दिले, नजर दूरच्या बाभळीवर ठेवली. मी बाभळीकडे पाहिलं की ती बाभळीकडेच जायची, शप्पथ. एका वेळी पंधरा मिनिटांच्या वर नाही, खोगीर नसलं की सगळा भार पाठीच्या थोड्याशाच जागेवर येतो.

आता तक्रारी. हेल्मेट नाही, मागितलं तर हसतात, मी मोटारसायकलचं घालून बसलो आणि गड्यांनी फोटो काढले. आपल्याला साडेपाचला बोलावतात आणि स्वतः सव्वासहाला येतात, त्या थंडीत पाऊण तास कुडकुडत उभं राहा. बायाबापड्यांसाठी संडासची सोय नाही, बहिणीला आणायचं म्हणत होतो, राहिलं. उन्हाळ्यात तर जाऊच नका, वावरात एक झाड नाही.

पाचपैकी चार स्टार. परवा चांदूर बाजारला पहिली वरात झाली, साधा लगाम, डीजे एकदम कानाशी. पारू दोनदा थबकली, मी बाजूला चालत होतो, खांदे ढिले सोडले, ती निघाली. नवरदेवाचे मित्र घोडी नाचवा म्हणून मागे लागले तर बाबा म्हणाले तुम्हीच नाचा.

पैसे रोख न्या, स्कॅनर नाही.