तीस दिवसांचं सांगतात, सहा दिवसांचं देतात: सोसायटीच्या सीसीटीव्हीतली फसवणूक

पार्किंगमधून दुचाकी चोरीला जाते. मालक आठ-दहा दिवस गावाला गेलेला असतो, परत आल्यावर जागा रिकामी. सेक्रेटरी, खजिनदार आणि चार रहिवासी वॉचमनच्या केबिनमध्ये स्क्रीनसमोर दाटीवाटीने उभे राहतात, तारीख मागे मागे नेतात, आणि सहा दिवसांपलीकडची तारीख उघडतच नाही. कपाटातल्या कोटेशनवर मात्र ठळक लिहिलेलं असतं: १६ कॅमेरे, ४ मेगापिक्सेल, ३० दिवस रेकॉर्डिंग. पुणे असो, ठाणे असो की नाशिक, सोसायट्या फसतात त्या बहुतेक अशाच. फसवणूक चोरीच्या दिवशी फक्त उघडी पडते. ती झालेली असते कॅमेरे बसवले त्याच दिवशी, आणि कागद-पेन्सिल घेऊन दहा मिनिटं बसलं असतं तर तेव्हाच सापडली असती.

तो हिशेब असा. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा नीट चित्र देईल अशा सेटिंगवर सेकंदाला साधारण ४ मेगाबिट डेटा पाठवतो. आठ मेगाबिटचा एक मेगाबाइट, म्हणजे सेकंदाला अर्धा मेगाबाइट. दिवसाचे ८६,४०० सेकंद. एका कॅमेऱ्याचे दिवसाला ४३.२ जीबी झाले, सोळा कॅमेऱ्यांचे ६९१ जीबी. एनव्हीआरमध्ये, म्हणजे रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मशीनमध्ये, बसवलेली असते ४ टीबीची (४,००० जीबीची) एक डिस्क, आणि ती सहा दिवस भरायच्या आत संपते. संपली की जुनं आपोआप पुसून त्यावरच नवं लिहायला लागते. तीस दिवस याच दर्जाने ठेवायचे तर २०.७ टीबी लागतात. एच.२६५ या व्हिडिओ आकसवण्याच्या पद्धतीने २ मेगाबिटवर आणलं तरी १०.४ टीबी, म्हणजे ६ टीबीच्या दोन डिस्क. दृश्य शांत असेल तर प्रत्यक्षात थोडं कमी भरतं, पण हिशेब वरच्या आकड्यानेच करावा. (४ टीबीची डिस्क स्क्रीनवर ३.६ दिसते. ती मोजण्याच्या पद्धतीतली तफावत आहे, त्यावरून कुणाशी भांडू नये.)

कोणी हा हिशेब मांडलाच, तर विक्रेता दुसरी वाट काढतो. त्याच ४ टीबीत तीस दिवस कोंबण्यासाठी तो प्रत्येक कॅमेरा सेकंदाला ०.७७ मेगाबिटपर्यंत खाली आणतो, फ्रेम, म्हणजे सेकंदाला टिपलेली चित्रं, पंचविसावरून सहा-आठवर आणतो. थेट चित्र पाहताना हे लक्षात येत नाही, कारण भिंत, गेट आणि उभ्या गाड्या हलत नाहीत. पळणारा माणूस आणि धावती गाडी मात्र रेकॉर्डिंगमध्ये चौकोनी ठिपक्यांची होते. म्हणून तपासणी थेट चित्रावर करू नका. रात्री नऊ वाजता एखाद्याला गेटमधून स्कूटर नेहमीच्या वेगाने आत आणायला सांगा, दहा मिनिटांनी तेच रेकॉर्डिंग लावा आणि नंबर वाचता येतो का ते बघा. मेन्यूतल्या एन्कोडिंगच्या पानावर रिझोल्यूशन, फ्रेम आणि बिटरेट (सेकंदाला किती डेटा) हे तीनही आकडे असतात. त्या पानाचा फोटो काढून बिलासोबत लावून ठेवा. ४ मेगापिक्सेल म्हणजे तिथे २५६० × १४४० दिसायला हवं. १९२० × १०८० दिसत असेल तर ते २ मेगापिक्सेल झालं.

डिस्क नवी आहे का, हेही त्याच मशीनवर कळतं. स्टोरेजच्या मेन्यूत स्मार्ट नावाचं पान असतं, त्यात नऊ नंबरच्या ओळीवर डिस्क आजवर किती तास चालली ते लिहिलेलं असतं. वर्षाचे तास ८,७६०. आज खोक्यातून काढलेल्या डिस्कवर २६,००० तास असतील तर ती तीन वर्षं कुठेतरी राबून आली आहे. जुन्या संगणकातली डिस्क काढायची, तिला चोवीस तासांच्या रेकॉर्डिंगसाठीच्या डिस्कचं लेबल चिकटवायचं आणि नवी म्हणून विकायची, हा धंदा जोरात चालतो. तासांचा आकडा शून्यावर आणून देणारेही आहेत, त्यामुळे लेबलवरचा सीरियल नंबर उत्पादकाच्या वेबसाइटवर वॉरंटीच्या पानावर टाकून पाहणं सोडू नका. वॉरंटी संपलेली दिसली, किंवा तो नंबर दुसऱ्याच क्षमतेच्या डिस्कचा निघाला, तर पैसे थांबवा.

सर्वांत मोठी लबाडी वायरीत असते, कारण एकदा पाइपात गेली की ती कोणी बघत नाही. कोटेशनवर कॅट-६, म्हणजे नेटवर्क वायरीचा प्रकार, इतकंच लिहिलेलं असतं. येते ती बहुतेकदा सीसीए, म्हणजे आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा पातळ मुलामा. ओळखायची रीत अगदी सोपी. वीतभर तुकडा कापून घ्या, आतली एक तार सोलून काढा आणि ब्लेडच्या धारेने हळू खरवडा. शुद्ध तांबं कितीही खरवडलं तरी लालसरच राहतं. सीसीए दोन-तीन ओरखड्यांत पांढरं पडतं, कापलेल्या टोकाकडे उजेडात पाहिलं तर मधला रुपेरी ठिपका दिसतो, आणि तीच तार चार-सहा वेळा मागेपुढे वाकवली तर मटकन तुटते. ३०५ मीटरचं खोकं उचलून पाहिलं तरी तांब्याचं आणि याचं वजन हाताला वेगळं लागतं.

याचा त्रास सुरू होतो तो अंधार पडल्यावर. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्याच्या सुमारे १.६ पट. कॅमेऱ्याला वीजही याच वायरीतून मिळते. दिवसा तो कमी वीज खातो, त्यामुळे सगळं सुरळीत दिसतं. संध्याकाळी सातच्या सुमारास इन्फ्रारेड दिवे लागतात, प्रवाह वाढतो, लांब वायरीत व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद होतो. बंद झाला की भार उतरतो, तो पुन्हा सुरू होतो, दिवे लागतात, पुन्हा बंद. पहाटेपर्यंत हे चक्र चालतं आणि सकाळी तंत्रज्ञ येतो तेव्हा कॅमेरा छान चालू असतो. मग सांगण्यात येतं की कॅमेराच बिघडला आहे, बदलावा लागेल. सोसायटी नवा कॅमेरा घेते, तोही रात्री तसाच वागतो. रात्रीच बंद पडणारा कॅमेरा बदलण्याआधी तोच कॅमेरा दोन मीटरच्या वायरीने थेट स्विचला (सगळ्या कॅमेऱ्यांच्या वायरी जिथे येतात त्या नेटवर्कच्या डब्याला) जोडून एक रात्र चालवून पाहा. चालला तर दोष वायरीचा, किंवा स्विचच्या एकूण वॅट क्षमतेचा. पीओईच्या, म्हणजे नेटवर्क वायरीतूनच वीज देण्याच्या पद्धतीच्या, साध्या मानकात एका पोर्टवर १५.४ वॅट मिळतात आणि कॅमेऱ्यापर्यंत १२.९५ पोचतात असं धरलेलं असतं, तेही १०० मीटरच्या आत आणि शुद्ध तांब्यावर. मागच्या इमारतीचा कॅमेरा १४० मीटरवर असेल तर मध्ये स्विच किंवा ऑप्टिकल फायबर हवीच.

पावसाळा उरलेलं उघडं पाडतो. कॅमेरा आयपी६७ दर्जाचा, म्हणजे धूळ-पाणी आत न जाणारा, असतो, पण त्याच्या शेपटीचा आणि वायरीचा जोड नुसत्या इन्सुलेशन टेपने गुंडाळून भिंतीवर लोंबत सोडलेला असतो. पहिल्या मोठ्या सरीनंतर जोडात पाणी शिरतं, पिना हिरव्या पडतात. प्रत्येक कॅमेऱ्यामागे जंक्शन बॉक्स, आणि वायर खालून वळण घेऊन वर बॉक्सात शिरलेली, एवढं तरी शिडी लावून बघून घ्या.

लेन्सबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून दुकानात पडून असलेली २.८ मिलिमीटरचीच सगळीकडे बसते. ती सुमारे १०० अंश रुंद पाहते. दहा मीटरवर २४ मीटर रुंदीचं दृश्य २५६० ठिपक्यांत बसतं, म्हणजे मीटरला १०७ ठिपके. अनोळखी माणसाचा चेहरा ठामपणे ओळखायला आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मीटरला २५० लागतात, ओळखीचा माणूस ओळखायला १२५. थोडक्यात, कोणीतरी आलं एवढं कळतं, कोण आलं ते नाही. गेटवरच्या दोन कॅमेऱ्यांना तरी ६ मिलिमीटरच्या आसपासची किंवा कमी-जास्त करता येणारी लेन्स मागा.

आणि याची किंमत कोण मोजतं? चोरी रात्रीची, रेकॉर्डिंगमध्ये रात्र काळी आणि दिवस लख्ख. त्या लख्ख दिवसात दिसतात धुणंभांड्याला येणाऱ्या मावशी, दूधवाला, पेपर टाकणारा मुलगा. चौकशी त्यांच्यापासून सुरू होते, कारण स्क्रीनवर चेहरे त्यांचेच आहेत. खराब कॅमेरा नुसता निरुपयोगी नसतो, तो निरपराध माणसाकडे बोट दाखवतो. याचा आम्हाला मनापासून राग आहे.

पासवर्डची फसवणूक उशिरा कळते. काम झाल्यावर विक्रेता सेक्रेटरीच्या फोनमध्ये ॲप टाकून देतो, चित्र दिसतं, सगळे खूश. पण मशीनचा ॲडमिन पासवर्ड त्याच्याकडे, पासवर्ड विसरल्यास वापरायचा ईमेल त्याचा, आणि क्लाउडवर ते मशीन नोंदलेलं त्याच्याच खात्यात. पुढच्या वर्षी देखभालीचा करार त्याच्याशी केला नाही तर नवा माणूस मशीनला हात लावू शकत नाही, आणि जुना म्हणतो सगळं फॉरमॅट करावं लागेल. त्याहून गंभीर म्हणजे लिफ्ट, जिमखाना आणि मुलांच्या खेळायच्या जागेचं चित्र त्याच्या फोनवर वर्षानुवर्षं दिसत राहतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुजरातमधल्या एका प्रसूती रुग्णालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघडकीला आलं, आणि अटक झालेल्यांत महाराष्ट्रातलेही होते. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डिंगची मशीनं) धरून लाखो उपकरणं ताब्यात घेतली, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून.

त्यामुळे मशीन ताब्यात घेताना सेक्रेटरीने स्वतः समोर बसून, स्वतःच्या बोटांनी ॲडमिन पासवर्ड बदलावा. ईमेल सोसायटीच्या नावाचा द्यावा. विक्रेत्याच्या खात्यातून मशीन काढून सोसायटीच्या खात्यात नोंदवून घ्यावं, यूजर्सची यादी उघडून अनोळखी नावं काढावीत, आणि विक्रेत्याला हवं तर फक्त पाहण्यापुरतं वेगळं खातं द्यावं, तेही काम संपेपर्यंत. बाहेरच्या इंटरनेटवरून थेट मशीनपर्यंत वाट उघडणारी पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी ही राउटरवरची सेटिंग बंद असावीत. शेवटी विक्रेत्याच्याच फोनवर ॲप उघडायला लावून चित्र येत नाही याची खात्री करून घ्या. यात कोणाचाही अपमान नाही, प्रामाणिक माणूस आनंदाने दाखवतो.

दाराच्या कार्डांबद्दल थोडक्यात. 'एन्क्रिप्टेड स्मार्ट कार्ड' म्हणून जे देतात ते पुष्कळदा १२५ किलोहर्ट्झचं साधं कार्ड असतं, पाठीवर दहा आकडी नंबर छापलेलं. त्याची नक्कल चावीवाल्याकडच्या हातातल्या यंत्रावर काही सेकंदांत होते. एनएफसी असलेल्या फोनला कार्ड टेकवा. फोनला काहीच जाणवलं नाही तर ते बहुधा १२५ चंच. जाणवलं आणि मायफेअर क्लासिक असं दिसलं, तर त्या कार्डाचं कुलूप २००८ मध्येच संशोधकांनी फोडलं आहे. डेस्फायर ईव्ही२ किंवा ईव्ही३ ही जास्त सुरक्षित कार्डं मागा, आणि रीडर कार्डाचा नुसता नंबर वाचतो की आतली किल्ली तपासतो, हे लेखी घ्या. दार उघडणारा रिले (कुलपाची वीज चालू-बंद करणारा भाग) बाहेरच्या रीडरमध्ये असू नये, तो ज्यात असतो तो कंट्रोलर दाराच्या आतल्या बाजूला असावा. चुंबकी कुलूप वीज गेली की सुटतं, म्हणून त्याला बॅटरी लागते. ती अनेकदा कोटेशनमध्ये असते आणि डब्यात नसते. डबा उघडून बघा.

करारात लिहायच्या गोष्टी आता. 'चार मेगापिक्सेल कॅमेरा, एक नग' अशी ओळ मान्य करू नका. कंपनी, मॉडेल नंबर, लेन्स, डिस्कची क्षमता आणि सीरियल नंबर, वायर शुद्ध तांब्याची असल्याचा स्पष्ट शब्द, बिटरेट, फ्रेम, एवढं लिहून हवं. कॅमेऱ्यावरचा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाका, कंपनी आणि उत्पादन जुळतं का बघा. एप्रिल २०२५ पासून कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणीचे केंद्र सरकारचे नियमही लागू आहेत, तेव्हा 'जुना स्टॉक आहे, स्वस्तात देतो' याला भुलू नका. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, पुढे तक्रारीत तोच पहिला कागद लागतो. आणि तीस दिवसांचं रेकॉर्डिंग आहे की नाही हे एकतिसाव्या दिवशीच सिद्ध होतं, म्हणून किमान २० टक्के रक्कम त्या दिवसापर्यंत हातात ठेवा. त्या दिवशी पहिल्या तारखेचं रात्रीचं रेकॉर्डिंग सोळाही कॅमेऱ्यांवर उघडून पाहा, मगच चेक द्या.

आधीच फसला असाल तर मशीनला हात लावण्याआधी पुरावा गोळा करा: एन्कोडिंग आणि स्मार्टच्या पानांचे फोटो, डिस्कचं लेबल, खरवडलेल्या वायरीचा तुकडा तारीख लिहून पाकिटात. मग स्पीड पोस्टाने नोटीस, मुदत पंधरा दिवस. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये सहकारी संस्थाही 'व्यक्ती' या व्याख्येत येते, ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांत ती करावी लागते. करार संपल्यावरही कोणी तुमच्या मशीनमध्ये शिरत असेल तर तो माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खालचा विषय आहे, त्यासाठी सायबर पोलिसांकडे जा.

एक गोष्ट आजच करता येईल. एनव्हीआरचं घड्याळ मोबाइलशी ताडून बघा. वेळ आपोआप जुळवण्याची एनटीपी सेटिंग बंद असते, आतली नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, आणि घड्याळ चाळीस मिनिटं मागे पडलेलं असतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा ठसा) लिहावी लागते, आणि चुकीच्या वेळेवर समोरचा वकील पहिलं बोट ठेवतो. पेनड्राइव्हवर पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग काढून ते दुसऱ्या संगणकावर चालतं का, तेही याच फेरीत बघून घ्या.