पेंडीमेथालिन 38.7 सीएस: सोयाबीन-तुरीच्या वावरातला अनुभव (पाचपैकी चार)

आमचं वावर कळमेश्वरकडे. भारी काळी जमीन, सोयाबीनमध्ये तुरीचे तास. आधी 30 टक्केवालं ईसी (पाण्यात दुधाळ होणारं) मारायचो, आता 38.7 टक्केवालं सीएस (बारीक कवचात भरलेलं). दोन्हीत औषध एकच, पेंडीमेथालिन हे तणनाशक. नागपुरात कॉटन मार्केटजवळच्या दुकानात विचारलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणे, "एकच हाय भाऊ, कोणतंही न्या." एकच नाही ना बाप्पा!

ईसीमध्ये औषध सॉल्व्हंटमध्ये विरघळवलेलं असते. पाण्यात टाकलं की दुधासारखं होते, वास डोक्यात जाते, हात पिवळे होतात. पेंडीमेथालिन उन्हानं खराब होते आणि हवेत उडूनही जाते. मृगाचा एक पाऊस येऊन उघाड पडली, की ईसीचा बराच पैसा उन्हातच जाते. सीएसमध्ये तेच औषध बारीक प्लास्टिकच्या कवचात कोंडलेलं असते आणि हळूहळू बाहेर येते. त्यामुळे उडणं कमी, वास नावाला, डागही कमी.

मला खरा फरक दिसला तो आधीच्या पिकाच्या काडीकचऱ्यात. आम्ही कपाशीची पऱ्हाटी रोटाव्हेटरनं बारीक करून वावरातच टाकतो. ईसी त्या चुऱ्याला चिकटून बसते, मातीपर्यंत पोचतच नाही. सीएसचे कण पुढच्या पावसानं धुऊन खाली उतरतात. चुरा जास्त होता त्या धुऱ्याकडच्या पट्ट्यातही या वेळी निंदणाला बाया कमी लागल्या.

मातीत गेल्यावर मात्र हे औषध फार खोल जात नाही. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चिकणमातीला आणि सेंद्रिय भागाला घट्ट धरते. वरच्या थरात उगवणाऱ्या तणाच्या कोवळ्या मुळ्या तिथंच खुंटतात. म्हणून सोयाबीन वरवर पेरू नका. बी त्या थरात आलं आणि वरून जोराचा पाऊस झाला, तर पिकालाही झटका बसते.

दर लिटरमागे सीएसचा जास्त. पण सोयाबीनला ते एकरी 700 मिली पुरते, ईसी एक ते सव्वा लिटर लागते. सक्रिय घटक (म्हणजे त्यातलं खरं औषध) काढला तर सीएसमध्ये एकरी 270 ग्रॅमच्या आसपास, ईसीमध्ये 300 च्या वर. म्हणजे कमी औषधात काम. डबा मात्र खूप हलवून घ्या, तळाशी घट्ट बसते. पेरणीनंतर तीन दिवसांच्या आत, ओल असताना, एकरी 200 लिटर पाण्यात, फ्लॅट फॅन (चपट्या फवाऱ्याच्या) नोझलनं मारा.

एक स्टार कापला तो केना या तणासाठी. केना, लव्हाळा, हरळी यांना हे औषध जुमानत नाही आणि उगवून आलेल्या तणावर तर काहीच करत नाही. दुकानदार "सगळं तण साफ" म्हणून विकतात, ते ऐकू नका. आमच्या खालच्या बांधीत केना दरवर्षी असतेच, तिथं सोयाबीन उगवल्यावर इमॅझेथापायर हे दुसरं तणनाशक मारावंच लागते.