'द ऑफिस' आधी ब्रिटिश बघावं की अमेरिकन?

इंग्लिश कॉमेडी बघायला सुरुवात करायचीये पण ब्रिटिश घ्यावी का अमेरिकन तेच ठरत नसेल, तर माझं म्हणणं असं की दहा सिरियलींच्या याद्या चाळत बसू नका, एकच घ्या, 'द ऑफिस'. ती दोन्हीकडे बनलीये आणि अमेरिकेतला पहिला भाग तर जवळजवळ ब्रिटिश स्क्रिप्टवरच केलाय, त्यामुळे दोघांच्या वाटा कुठे वेगळ्या होतात ते अगदी स्वच्छ दिसतं.

ब्रिटिश आली 2001 ला बीबीसी टू वर, रिकी जर्वेस आणि स्टीफन मर्चंट दोघांनीच लिहिलेली, लंडनजवळच्या स्लावमधली एक कागद विकणारी कंपनी. अमेरिकन आली 2005 ला एनबीसीवर, पेनसिल्व्हेनियातलं स्क्रँटन, धंदा परत कागदाचाच. दोन्हीकडे बॉसला मनापासून वाटतं की आपण लय विनोदी आहोत आणि स्टाफचा आपल्यावर जीव आहे. पहिल्याच भागात हा बॉस ऑफिसात नवीन आलेल्या पोरावर छाप पाडायला म्हणून रिसेप्शनवरच्या मुलीवर चिकटचिठ्ठ्या चोरल्याचा आळ घेतो आणि तिला नोकरीवरून काढल्याचं नाटक करतो, ती बिचारी रडायला लागते. मागे म्युझिक नाही, हसण्याचे आवाज नाहीत, नवीन पोरगा कुठे बघावं ते न कळून नुसता बसलेला. ब्रिटिशमधली रिसेप्शनिस्ट डॉन त्याला सरळ तोंडावर शिवी घालते, अमेरिकनमधली पॅम पण चिडते पण शब्द बराच सौम्य.

आता खरा फरक पुढे पडतो, आणि माझ्या मते त्याचं मूळ लोकांच्या स्वभावापेक्षा भागांच्या आकड्यात आहे. ब्रिटिश 'ऑफिस' म्हणजे 12 भाग आणि 2003 च्या ख्रिसमसचा दोन भागांचा स्पेशल, संपलं. अमेरिकन 2013 पर्यंत चालली, 201 भाग. तिकडच्या मोठ्या चॅनेलवर वर्षाला बावीस-चोवीस भाग लागायचे, जाहिराती वजा जाता भागाला बावीसेक मिनिटं, लिहायला खोलीभर लेखक, आणि शंभरच्या आसपास भाग झाले की रिपीटचे हक्क इतर चॅनेलना विकून मोठा पैसा मिळायचा, त्यामुळे चालती सिरियल बंद करायला कोण तयार होणार. बीबीसी चालते टीव्ही बघणाऱ्यांकडून घेतलेल्या लायसन्स फीवर, मधे जाहिरात नाही, जवळजवळ पूर्ण अर्धा तास, एकदोघांनी सहा भाग लिहायचे आणि सांगण्यासारखं संपलं की थांबायचं. बीबीसीची हॉटेलवरची 'फॉल्टी टॉवर्स' एवढी गाजलेली, 1975 ला सहा भाग आणि 1979 ला सहा, तिसरी सिरीज काढलीच नाही.

आता जो माणूस नऊ वर्षं दर आठवड्याला लोकांच्या घरात येणार तो आवडायलाच हवा ना! म्हणून दुसऱ्या सीझनपासून अमेरिकनमधला बॉस, स्टीव्ह करेलचा मायकल बदलतो, केस पण आधीसारखे चापूनचोपून बसवलेले राहत नाहीत, आणि हा माणूस सेल्समन म्हणून चांगला आहे हे दाखवायला लागतात. तिसऱ्या सीझनमधे पॅमच्या चित्रांचं छोटंसं प्रदर्शन असतं, ऑफिसातलं फारसं कोणी येत नाही, ऑस्कर येतो तो नावं ठेवून जातो, ती आवरायला घेते तेवढ्यात मायकल उशिरा पोचतो, तिने काढलेलं त्यांच्या ऑफिसच्या बिल्डिंगचं चित्र बघून हरखतो आणि विकत मागतो. मी हा सीन कितीही वेळा बघितला तरी डोळ्यात पाणी येतं. ब्रिटिशमधला बॉस डेव्हिड ब्रेंट, त्याच्या वाट्याला त्या बारा भागांत असलं काही येत नाही, त्याला नोकरी गेल्याचं कळतं ते ऑफिसात चॅरिटीचा दिवस चालू असताना, अंगात मोठ्या पक्ष्याचा ड्रेस घातलेला असताना, आणि पुढच्या भागात तो नोकरीसाठी अक्षरशः गयावया करतो. तोपर्यंत आपल्याला तो नकोसा झालेला असतो आणि नेमकं तिथेच पोटात तुटतं. इतकं थोडक्यात इतकं खोल गेलेलं मी टीव्हीवर फार कमी बघितलंय.

सरकारी कारभारावरचं बघायचं असेल तर 1980 ची 'येस मिनिस्टर' आणि 2009 ची 'पार्क्स अँड रिक्रिएशन' शेजारी ठेवून बघा. पहिलीत एक कोरं करकरीत हॉस्पिटल आहे, पाचशेच्या वर कर्मचारी आणि पेशंट एकही नाही, आणि खात्याचा सचिव सर हम्फ्री मंत्र्याला शांतपणे पटवून देतो की ते उत्तम चाललंय. स्टार प्लसवर फारुख शेखचं 'जी मंत्रीजी' बघितलं असेल तर हे ओळखीचं वाटेल, ते याच्यावरूनच केलेलं. दुसरीत अमेरिकेत इंडियानातल्या एका गावातली, बागा सांभाळणाऱ्या सरकारी खात्यातली लेस्ली नोप एक खड्डा बुजवून तिथे बाग करायची म्हणून हात धुवून मागे लागते आणि सिरियलला तिचं हे वेड मनापासून आवडतं. ब्रिटिशमधे यंत्रणा जिंकते, अमेरिकनमधे माणसं.

अर्थात हे सगळीकडे लागू नाही. 'साइनफेल्ड' पक्की अमेरिकन, पण कोणी मिठ्या मारायच्या नाहीत, कोणी शहाणं व्हायचं नाही हा तिच्या दोन निर्मात्यांपैकी एक असलेल्या लॅरी डेव्हिडचा नियम. आणि बीबीसीवर ब्रिटिश सरकारवरची 'द थिक ऑफ इट' करणाऱ्या अर्मांडो इयानुचीने जाहिराती नसलेल्या अमेरिकन चॅनेल एचबीओवर उपराष्ट्राध्यक्षावरची 'वीप' केली, सीझनला आठ-दहा भाग, ती वॉशिंग्टनमधली असूनही तशीच बोचरी झाली. आणि मागे हसण्याचा आवाज म्हणजे अमेरिकन असं काही जण धरून चालतात ते चूक आहे, 'फॉल्टी टॉवर्स' आणि 'येस मिनिस्टर' दोन्ही स्टुडिओत प्रेक्षक बसवून केलेल्या आहेत.

तर माझा सल्ला, ब्रिटिश 'ऑफिस' आधी. एका शनिवार-रविवारात होते, पण मोबाईल बाजूला ठेवून बघा कारण निम्मा विनोद गप्प बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर आहे, आणि सबटायटल लावा, उच्चार सुरुवातीला जड जातात. ख्रिसमस स्पेशल अजिबात सोडू नका. फक्त कामावरून दमून आल्यावर जेवताना काहीतरी हवं असेल, किंवा दुसऱ्याची फजिती बघताना तुम्हाला खरंच त्रास होत असेल, तर अमेरिकन घ्या, पहिल्या सीझनचे सहा भाग सोडून थेट दुसऱ्यापासून. सातव्यात करेल जातो, त्यानंतर घसरण आहे, तिथे थांबलात तरी चालेल, पण शेवटचा भाग तेवढा नक्की बघा.