सिलिंडरवरची तारीख वाचल्याशिवाय जुनी एअर रायफल घेऊ नका

ज्यांची मुलं नुकतीच 10 मीटर एअर रायफलकडे वळली आहेत आणि ज्यांना नवी रायफल परवडत नाही, त्या आई-वडिलांसाठी हे लिहिते आहे. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकर आणि कोल्हापूर जिल्ह्यातला स्वप्नील कुसाळे यांनी पदकं मिळवली, आणि आमच्या रेंजवर नवी मुलं दिसायला लागली. आमची मुलगी त्यांतलीच. तेव्हा नववीत होती. त्याच सुमारास पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जुन्या रायफलींचे फोटोही यायला लागले.

आमची शेती अमळनेर तालुक्यात आहे. घरातला मोठा खर्च कापूस विकला की होतो, एरवी नाही. नवी जर्मन मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची रायफल, काही लाखांच्या घरात जाते, तो विचारच नव्हता. ग्रुपवर एकाने जर्मन पीसीपी रायफल (सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) पंच्याहत्तर हजारांना दाखवली, सोबत शूटिंग जॅकेट फुकट. माणूस बोलायला फार गोड. "वहिनी, माझी मुलगी आता इंजिनिअरिंगला गेली, रायफल नुसती पडून आहे. तुमच्या मुलीच्या हातात गेली तर बरं वाटेल," असं म्हणाला. बारकोडवर पंचवीस हजार ॲडव्हान्स मागितले आणि बाकीचे रोख घेऊन भुसावळ स्टेशनवर बोलावलं. पुढची गाडी पकडायची आहे म्हणून सगळा व्यवहार स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर, घाईघाईत.

रायफल दिसायला सुरेख होती. लाकूड चकाचक, नळीवर एक ओरखडा नाही. प्रेशर गेजचा काटा दोनशेवर. प्लास्टिकमध्ये घातलेलं कंपनीचं टेस्ट कार्डही होतं, म्हणजे त्याच रायफलने कंपनीत छर्रे मारून बघितलेलं कार्ड, त्यावर छर्‍यांचं एकच गोल भोक. माझे दीर म्हणाले, सिलिंडर जरा काढून दाखवा. त्यावर तो एकदम गंभीर झाला. "हवा भरलेली आहे दादा, आत्ता फिरवलं तर फुटेल, चारचौघांत नको." जिवाची भीती घातली की माणूस पुढे विचारत नाही, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

हे धादांत खोटं आहे. मॅच रायफलचं सिलिंडर भरलेलं असतानाच हाताने फिरवून काढता येतं. त्याच्या तोंडाशी व्हॉल्व्ह असतो, सुटं केलं की तो आपोआप बंद होतो. रेंजवरची मुलं हवा भरायला रोज तसंच काढतात. तेव्हा कोणी "भरलेलं आहे, काढू नका" म्हणालं, तर व्यवहार तिथेच थांबवा.

दुसर्‍या दिवशी सकाळी काटा दोनशेवरून एकशे वीसवर आलेला. रेंजवर सरांनी रायफल हातात घेतली आणि आधी सिलिंडरच बघितलं. त्याच्यावर गळ्याजवळ काळं चकचकीत स्टिकर गुंडाळलेलं होतं, आम्हाला ते कंपनीचंच वाटलं होतं. सरांनी नखाने कडा उचलली, हळूहळू सोलून काढलं. खाली चिकट डिंकाचा थर, आणि त्यातून ठोकलेली अक्षरं दिसायला लागली: दाबाचा आकडा, आणि शेजारी महिना व साल. साल 2009.

या तारखेला एवढं महत्त्व का, ते नीट समजून घ्या. या सिलिंडरमध्ये साधारण 200 बारपर्यंत हवा कोंबलेली असते. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असते, त्यावरून अंदाज येईल. ॲल्युमिनिअम दर वेळी भरताना ताणतं, रिकामं होताना सैल पडतं, आणि असं वर्षानुवर्षं झालं की आतून थकत जातं. बाहेरून काहीही दिसत नाही. म्हणून नामांकित कंपन्या त्यांच्या ॲल्युमिनिअम सिलिंडरला तयार झाल्यापासून दहा वर्षांची मुदत देतात. स्पर्धेच्या नियमांतही सिलिंडर मुदतीत असण्याची जबाबदारी नेमबाजावरच टाकलेली आहे. नेम धरताना मुलीचा डावा हात, गाल आणि डोळा त्याच सिलिंडरपासून वीतभर अंतरावर असतो. पैशांपेक्षा मला त्या स्टिकरचा संताप जास्त आला. तारीख झाकणार्‍याला तिचा अर्थ पक्का माहीत होता, आणि समोर पंधरा वर्षांची मुलगी उभी आहे हेही त्याला दिसत होतं.

सरांनी ते सिलिंडर सावकाश रिकामं करून बाजूला ठेवलं. मग टेस्ट कार्ड बघितलं. कार्डावरचा नंबर एक, रायफलच्या अंगावर कोरलेला दुसराच. म्हणजे ते सुंदर भोक कुठल्यातरी भलत्याच रायफलने पाडलेलं. जॅकेटचीही तीच गत. एकेरी कापडाची जाडी नियमाप्रमाणे 2.5 मिलिमीटरच्या आत हवी, आणि याला आतून जादा थर चिकटवलेला.

नवं सिलिंडर घ्यायचं म्हटलं तर वीस-बावीस हजार सांगितले, तेही त्या जुन्या मॉडेलला बसणारं मिळालं तर. प्रत्येक कंपनीच्या सिलिंडरचे आटे वेगळे असतात, दुसरं बसवायला जाऊ नका.

त्याला फोन केला तर आधी "बघतो", मग नंबर बंद. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार केली. हा नंबर सगळ्यांनी फोनमध्ये ठेवावा, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघून जायच्या आत कळवलं तरच ते गोठवता येतात. रोख दिलेल्या पन्नास हजारांचा कागद नाही. पोलिसांनी पहिला प्रश्न विचारला तो मूळ बिलाचा. 4.5 मिलिमीटर छर्‍याच्या, आणि छर्‍याची ऊर्जा वीस ज्यूलच्या आत असलेल्या एअर रायफलला लायसन लागत नाही, म्हणून लोक कागदांकडे बघतच नाहीत. पण दुकानदार नवी रायफल विकताना ओळखपत्र घेऊन बिल देतो. ते बिल विकणार्‍याकडे नसेल, किंवा बिलावरचा नंबर रायफलशी जुळत नसेल, तर ती रायफल त्याच्या हातात आली कुठून?

बजेट कमी असेल तर रायफलची घाई नको, असं आता सरही प्रत्येक पालकाला सांगतात. पहिलं वर्ष क्लबची रायफल पुरते. आधी ग्लोव्ह आणि चांगले छर्रे घ्या. वाढत्या वयात जॅकेटही दोन वर्षांत तोकडं होतं. जुनी रायफल घ्यायचीच असेल तर आधी व्हिडिओ कॉलवर सिलिंडर काढून दाखवायला सांगा, स्टिकर असेल तर सोलायला लावा, तारीख स्वतः वाचा. मुदत संपत आली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा. आणि व्यवहार रेंजवर, प्रशिक्षकांसमोर. जो माणूस रेंजवर यायला तयार नाही, त्याला ॲडव्हान्स देऊ नका.

मुलगी सध्या क्लबच्याच रायफलवर सराव करते. आमची तक्रार पोलिसांकडे आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे कोणाला लाकडी दस्त्याची, सिलिंडरच्या गळ्याला काळं स्टिकर असलेली रायफल स्टेशनवर हातोहात द्यायची तयारी कोणी दाखवली, तर पैसे देण्याआधी स्क्रीनशॉट काढा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात दाखवा.