सेट लागलाय: छोटी बेट की पॉटएवढी?

कोथरूडचा मित्र पणजीच्या कॅसिनोत लाइव्ह पोकर खेळायला निघालाय. त्याचा पेच असा, की सेट (हातातली जोडी आणि टेबलावर तसाच तिसरा पत्ता) लागला तर गिऱ्हाईक, म्हणजे समोरचा खेळाडू, पळू नये म्हणून छोटी बेट लावावी का?

पैसे: पॉट (मधे जमलेले पैसे) १,००० धरू. सेट लागल्यावर उरलेल्या बेटिंगच्या तिन्ही फेऱ्यांत पॉटच्या एक तृतीयांश लावलंस तर समोरच्याकडून जेमतेम १,८०० निघतात. दरवेळी पॉटएवढी लावलीस तर १३,०००. सातातून एकदा त्याने शेवटपर्यंत कॉल केला, म्हणजे तेवढेच पैसे टाकले, तरी मोठी बेट मागे पडत नाही.

धोका: समोरच्याकडे फ्लश ड्रॉ (एकाच चिन्हाचे चार पत्ते, पाचव्याची वाट) असेल तर तो टर्नवर, म्हणजे टेबलावरच्या चौथ्या पत्त्यावर, लागायची शक्यता सुमारे २०%. छोटी बेट तोट्याशिवाय कॉल करायला त्याला तेवढीच शक्यता पुरते, पॉटएवढीला ३३% लागते. स्वस्तात पत्ता कशाला दाखवायचा?

कोरडा बोर्ड (टेबलावरच्या पत्त्यांत असे ड्रॉ नाहीत) आणि सावध पुणेकर समोर असेल तर छोटी. सुट्टीवर आलेला, ‘बघू तरी’ म्हणणारा असेल तर बिनधास्त मोठी.