न्यू जर्सीतील सरकारी शाळेची ईएसएल सेवा : एका मराठी पालकाचा अभिप्राय

नाशिकच्या मराठी माध्यमातून आलेल्या आमच्या मुलीला न्यू जर्सीतील सरकारी शाळेत तिसरीत प्रवेश मिळाला, तेव्हापासून तिथल्या ईएसएल सेवेचा, म्हणजे घरची भाषा इंग्रजी नसलेल्या मुलांना दिल्या जाणाऱ्या भाषासाहाय्याचा, आम्ही लाभ घेत आहोत. इकडे येऊ घातलेल्या मराठी कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून हा अभिप्राय लिहीत आहे.

ही सेवा मोफत असते आणि ती देणे शाळेवर कायद्याने बंधनकारक आहे. सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषक विद्यार्थ्यांच्या ‘लाऊ विरुद्ध निकल्स’ या खटल्यात, १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा आधार घेत, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली असा निर्वाळा दिला की, मुलाला न कळणाऱ्या भाषेत सर्वांसारखीच पुस्तके आणि सर्वांसारखेच शिक्षक दिले म्हणून त्याला समान शिक्षण मिळाले असे होत नाही. त्यामुळे पालकांनी संकोच बाळगण्याचे काहीच कारण नाही.

प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेविषयी एक अर्ज भरावा लागतो, त्यानंतर मुलाची छोटी चाचणी होते. आमच्या अर्जात मराठी लिहिलेले असूनही शाळेच्या नोंदीत हिंदी आले आणि पहिली पत्रे हिंदीतूनच घरी आली. ही दुरुस्ती करून घ्यायला बराच पाठपुरावा करावा लागला. मुलांच्या संस्कृतींचा आदर करतो असे सांगणाऱ्या शाळेने आधी मुलाची भाषा नीट नोंदवावी, एवढी अपेक्षा रास्त आहे. दुरुस्तीनंतर मात्र पालकसभेला फोनवरून मराठी दुभाषी मिळाला.

प्रत्यक्ष अध्यापनाबद्दल लिहायचे तर ईएसएलच्या बाईंचे कौतुक करावे तेवढे थोडे आहे. सुरुवातीचा बराच काळ मुलगी वर्गात जवळजवळ गप्प असे. बाईंनी तिला बोलण्याची सक्ती केली नाही; चित्रे काढून, बोट दाखवून किंवा वाक्याची सुरुवात लिहून दिलेल्या पट्ट्यांच्या मदतीने उत्तर द्यायची मुभा दिली. मराठीत इंग्रजीसारखी उपपदे (a, an, the) नाहीत, म्हणून ती मुलीच्या लिखाणातून गळणार, हे त्यांना ठाऊक होते, त्यामुळे त्या चुकांवर लाल शाई ओतण्याऐवजी त्यांनी आधी मजकुराकडे पाहिले. घरी मराठीतच बोला आणि मराठीतच गोष्टी वाचून दाखवा, असे त्यांनी आम्हाला आवर्जून सांगितले, कारण घरच्या भाषेत पक्की झालेली समज दुसऱ्या भाषेतही कामी येते.

या सेवेचे खरे मोल मला कळले ते विज्ञानाच्या एका पाठात. तिसरीला जगातल्या निरनिराळ्या प्रदेशांचे हवामान हा विषय असतो. बाईंनी वर्गशिक्षिकेशी बोलून मुलीकडून नाशिकच्या पावसाची माहिती घेतली. तिने आधी वहीत मराठीत लिहिले, मग बाईंच्या मदतीने त्याचे इंग्रजी केले आणि वर्गासमोर वाचून दाखवले: जूनपासून सप्टेंबरपर्यंत वर्षातला बहुतेक सगळा पाऊस पडतो, गोदावरीला पूर येतो, रामकुंडापाशी पाणी चढते आणि नंतरचे महिने जवळपास कोरडे जातात. मुलांनी त्यावरून बारा महिन्यांचा स्तंभालेख काढला आणि शेजारी बाराही महिने कमीअधिक पाऊस पडणाऱ्या न्यू जर्सीचा आलेख ठेवला. त्या दिवशी आमची मुलगी मदत घेणारी विद्यार्थिनी नव्हती, तिच्यामुळे वर्गाला काहीतरी नवे कळले होते.

शाळेत वर्षातून एकदा भरणारा बहुसांस्कृतिक मेळावाही चांगला आहे. साड्या, झेंडे, समोसे यांची हौस सगळ्यांनाच असते. पण संस्कृतीचा सन्मान तेवढ्यावर थांबू नये, असे मला मनापासून वाटते. मुलांनी सोबत आणलेले ज्ञान पाठात आले पाहिजे आणि ते आणण्याची हातोटी सध्या एकाच बाईंकडे आहे. इतर विषयांच्या शिक्षकांना तसे प्रशिक्षण मिळालेले दिसत नाही.

दुसरी उणीव वेळापत्रकाची. बाई काही तास वर्गात येऊन शिकवतात, तर काही तास मुलांना वेगळ्या खोलीत नेतात, आणि त्या बाहेरच्या तासांत मुलीची चित्रकला नेमाने बुडत असे. भाषा येत नसली तरी ज्या तासाला ती सगळ्यांच्या बरोबरीने रमे, नेमका तोच हुकत होता. आम्ही विनंती केल्यावर तास बदलून मिळाला.

प्रगती मोजण्यासाठी दरवर्षी ‘विडा’ (WIDA) या संस्थेची ‘ॲक्सेस’ ही इंग्रजीची चाचणी होते. ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे यांचे गुण तीत १ ते ६ या श्रेणीत स्वतंत्रपणे कळतात. केवळ एकूण गुण न पाहता चारही आकडे पाहावेत, कारण बोलणे लवकर सुधारते आणि लिहिणे मागे राहते. सेवा नाकारण्याचा अधिकार पालकांना असतो, पण नाकारली तरी ही चाचणी टळत नाही. मुलावर शिक्का बसेल या भीतीने काही मराठी पालक नकार देतात; माझ्या मते त्यांनी तसे करू नये. चाचणी उत्तीर्ण होऊन मूल बाहेर पडल्यावरही निदान २ वर्षे शाळेने त्याच्या अभ्यासावर लक्ष ठेवायचे असते, तेव्हा ते कोण ठेवणार आहे आणि कसे, हे ईएसएलच्या बाईंकडून तेव्हाच विचारून घ्यावे.