ऑनियन रिंग्ज घरी करायच्या तर कशा? सोड्याचं बॅटर, ब्रेडक्रम्ब्स, एअर फ्रायर की सरळ खेकडा भजी

पोरीच्या वाढदिवसाला मी पहिल्यांदा ऑनियन रिंग्ज केल्या तेव्हा दिसायला एकदम हॉटेलसारख्या झाल्या होत्या, फोटोबिटो काढून झाले, आणि मग तिच्या मैत्रिणीने पहिला घास घेतला तर आतला कांदा अख्खाच्या अख्खा ओढला जाऊन बाहेर आला आणि तिच्या हातात राहिली नुसती पिठाची रिकामी बांगडी. पोरं हसून लोळली. मी नाही हसलो, कारण पाऊण तास कढईसमोर उभा होतो.

त्यानंतर हट्टाने सगळे प्रकार करून पाहिले. आता कोणी विचारलं की रिंग्ज कशा करू तर मी आधी उलटा प्रश्न विचारतो, किती माणसं आहेत आणि तळल्या तळल्या खाणार की ताटात मांडून ठेवणार? उत्तर त्याच्यावर आहे, रेसिपीवर नंतर.

पण आधी कांदा. दिवाळीच्या आसपास येणारा नवा लाल कांदा रिंग्जला मला अजिबात आवडत नाही, पाणी फार आणि टिकाऊपणा कमी. उन्हाळी कांदा, जो मार्च ते मे मध्ये निघतो आणि मग कांदाचाळीत, म्हणजे हवेशीर कोठारात साठवतात, तो जून-जुलैत मस्त घट्ट झालेला असतो, तोच घ्या, मोठा आणि आडवा कापल्यावर गोल दिसेल असा. अलिबागचा पांढरा कांदा चवीला गोड, 2022 साली त्याला जीआय टॅग, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं, पण आमच्या बाजारात माळेत येतो तो बहुतेक लहानच असतो, त्याच्या रिंग्ज म्हणजे अंगठ्या होतात. तो कोशिंबिरीत घाला. अमेरिकेत राहणाऱ्यांचं बरं आहे, तिकडे जॉर्जियातला व्हिडेलिया कांदा मिळतो, मोठा आणि गोड, फक्त रसाळ असतो म्हणून कापल्यावर नीट पुसून घ्यायचा.

जाडी पाऊण सेंटीमीटर ते एक सेंटीमीटर. आणि आता ती रिकाम्या बांगडीची गोष्ट: रिंगा सुट्या केल्या की प्रत्येकीच्या आतल्या बाजूला एक पातळ, पारदर्शक पापुद्रा असतो, नखाने टोक उचललं की सुर्रकन निघतो. तो ठेवला तर त्याच्यावर पीठ धरत नाही आणि दातानेही नीट तुटत नाही, म्हणून कांदा सगळा ओढून येतो. पापुद्रा काढायचा, रिंग कोरड्या मैद्यात घोळवायची, जास्तीचा मैदा झटकायचा आणि मगच बॅटर. हे काम कंटाळवाणं आहे, दोन मोठ्या कांद्यांना मला पंधरा मिनिटं लागतात, पण रिंग्जच्या तिन्ही प्रकारांत सगळ्यात जास्त फरक याच पंधरा मिनिटांनी पडतो. आणि कांद्याला मीठ लावायचं नाही हं, पाणी सुटतं आणि कोटिंग आतून चिखल होतं. मीठ बॅटरमध्ये.

आता सोड्याचं बॅटर. एक वाटी मैदा, पाव वाटी कॉर्नफ्लोअर, दोन चमचे तांदळाचं पीठ, एक छोटा चमचा बेकिंग पावडर, मीठ, तिखट, आणि फ्रीजमधला गार साधा सोडा, तो आपला पिण्याचा, लागेल तसा, साधारण पाऊण वाटीपासून सुरू करा. गार का, तर मैद्याला चिवटपणा कमी येतो, आणि सोड्यातले बुडबुडे तेलात फुगून कोटिंग हलकं करतात. फेटत बसायचं नाही, चार गुठळ्या राहिल्या तर राहू देत. चमचा बुडवून उचलला की मागे पातळ थर बसला पाहिजे, भज्याच्या पिठापेक्षा सैल. याची चव सगळ्यात भारी, बाहेर खुसखुशीत आणि आत कांदा गोड मऊ. पण आयुष्य दहा मिनिटं! त्यानंतर आतली वाफ कोटिंगला मऊ करते आणि पाहुण्यांसमोर लोळागोळा. म्हणजे हे दोन-तीन माणसांचं काम, एकाने तळायचं आणि बाकीच्यांनी कढईशेजारी उभं राहून खायचं.

ब्रेडक्रम्ब्सवाल्या रिंग्ज चवीत किंचित मागे, पण भरवशाच्या. मैदा आणि कॉर्नफ्लोअरची पाण्यात पातळ पेस्ट, अंडं चालत असेल तर अंडं, त्यात बुडवून क्रम्ब्समध्ये घोळवायचं आणि हाताने हलकं दाबायचं, मग ताट अर्धा तास फ्रीजरमध्ये. क्रम्ब्स विकतचे कशाला, शिळे पाव तव्यावर कडक करून मिक्सरला एकदा फिरवा, अगदी भुगा नको, थोडं भरड ठेवा. ह्या रिंग्ज जाळीवर ठेवल्या तर वीस-पंचवीस मिनिटं तरी कुरकुरीत राहतात आणि आदल्या रात्री करून फ्रीजरमध्ये टाकता येतात, त्यामुळे घरात दहा-बारा माणसं असतील तर मी दुसरा विचारच करत नाही. तोटा एकच, सुटे क्रम्ब्स तेलात पडून जळतात, दोन घाण्यांनंतर तेल काळपट दिसायला लागतं, झाऱ्याने सतत काढत राहायचं. क्रम्ब्स नसतील तर बोंबलाला लावतो तसा बारीक रवा आणि तांदळाचं पीठ लावून बघा, पेस्टवर तोही छान धरतो. दाताला जरा कडक लागतो, मला आवडतो, बायकोला नाही.

तेल दोन्हीला सारखंच, 175 ते 180 डिग्री. थर्मामीटर नसेल तर बॅटरचा थेंब टाका, जरा खाली जाऊन लगेच वर आला की झालं. तळाशी बसून राहिला तर थांबा. एका वेळी चार-पाचच सोडा. जास्त टाकल्या की तेल थंड पडतं, रिंगा तेल पितात आणि मग आपण कांद्याला नावं ठेवतो. आणि काढल्यावर टिश्यू पेपरवर ढीग घालू नका, खालची बाजू वाफेने ओली होते, जाळी किंवा चाळण उलटी ठेवून त्यावर पसरा.

एअर फ्रायरबद्दल स्पष्ट सांगतो, ओलं बॅटर त्यात चालत नाही. एकदा करून बघितलं, सगळं जाळीतून खाली गळलं आणि ती जाळी घासायला रात्री अर्धा तास गेला. क्रम्ब्सवाल्याच टाका, आणि क्रम्ब्स आधी कढईत दोन चमचे तेलावर सोनेरी परतून घ्या, कारण फ्रायरमध्ये रंग येईपर्यंत कांद्याचं लोणचं होतं. 200 डिग्रीला दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटायच्या. होतात चांगल्या, कुरकुरीत टोस्टसारख्या, तळलेल्यासारख्या नाही. आमच्या बास्केटमध्ये सात-आठ मावतात, म्हणजे चौघांसाठी तीन-चार खेपा, तोवर पहिली खेप गार. तेल खायचंच नाही असं डॉक्टरांनी सांगितलेल्या घरात हा पर्याय ठीक, बाकीच्यांनी महिन्यातून एकदा तळलेल्या खाव्यात असं माझं मत.

फ्रोझन पाकिट घ्यायचं तर मागची यादी वाचा, काहींत अख्ख्या कांद्याची रिंग नसते, बारीक चिरलेला कांदा साच्यात दाबून गोल केलेला असतो. वाईट लागतो असं नाही, पण तो वेगळाच पदार्थ. फ्रीजरमधून काढून थेट तेलात, बाहेर ठेवून वितळवायचं नाही.

आणि खेकडा भजी मी यादीत का घातली, तर पावसात अचानक चार माणसं आली की रिंग्जच्या भानगडीत पडूच नये. तिथे सगळं उलटं असतं, कांदा उभा पातळ चिरायचा, मीठ मुद्दाम चोळायचं, पाणी सुटू द्यायचं आणि त्याच पाण्यात मावेल तेवढंच बेसन, वरून थेंब नाही, थोडं तांदळाचं पीठ आणि ओवा. रिंगमध्ये कुरकुरीत असतं ते पीठ, भजीत कांदाच तळून कुरकुरीत होतो, म्हणून ती गार झाली तरी खाववते. पापुद्रे काढायचे नाहीत, फ्रीजर नाही, वीस मिनिटांत ताट भरतं. मात्र पोरांना बर्गरबरोबर रिंग्ज हव्या असतील तर भजी दाखवून त्यांची समजूत निघत नाही, हाही अनुभव आहे.

एक राहिलं, प्रत्येक कांद्याच्या मधले छोटे गोल रिंग्जच्या कामाचे नसतात आणि शेवटी दोन-तीन चमचे बॅटर उरतंच. ते गोल बारीक चिरून, हिरवी मिरची आणि मूठभर बेसन घालून त्याच तेलात सोडतो. आई रिंग्जला हात लावत नाही, ती त्या शेवटच्या घाण्यासाठी चहा थांबवून बसलेली असते.